कार्डावरची जन्मतारीख

काळवलीत कुणाला अर्ज लिहून हवा असला, औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी समजून घ्यायचं असलं, आखातातून आलेल्या कागदावर सही कुठे करायची ते विचारायचं असलं, की माणसं दामले मास्तरांच्या पडवीत येऊन बसायची. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पुढे गेलं की खाडीच्या काठाला हे गाव. वरच्या अंगाला आंब्याच्या बागा आणि बागवाल्यांची घरं, खालच्या अंगाला मुसलमानांचा मोहल्ला. हरिहर दामले गावच्या हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांना शाळेची आठवण फारशी आली नाही, कारण गावानं त्यांना विचारणं सोडलं नव्हतं. आणि विचारलं जाणं मास्तरांना आवडायचं. माहीत नसलेल्या गोष्टीबद्दलही ते 'बघून सांगतो' असं सहसा म्हणत नसत.

त्यांच्या घराच्या खालच्या बाजूला जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा होता आणि गडग्यापलीकडे कमाल होडेकरचं घर. कमालनं तीस वर्षं बोटीवर काढली होती. आता तो घरी होता, मुलगा अरशद कुवेतला आणि घरात सून झुबेदा. २००१च्या रमजानात, रोजे सुरू होऊन चार दिवस झाले असतील, संध्याकाळी कमाल खजुराचा डबा घेऊन गडग्यापाशी आला होता. "मास्तर, नात झाली. पालीला, सुनेच्या माहेरी. मनाल नाव ठेवलंनी." मास्तरांनी स्वतः तो डबा हातात घेतला होता. नोव्हेंबर महिना होता. हे त्यांना पुढेही कधी आठवावं लागलं नाही, कारण ते कधी विसरलेच नव्हते.

पुढल्या मे महिन्यात शेजारच्या गावात गोवराची साथ आली. दोन पोरं रत्नागिरीला दवाखान्यात नेली, त्यातली एक परत आली नाही. कमाल घाबरून उपकेंद्रात गेला, तर सिस्टरनं त्याला परत पाठवलं. नऊ महिने पुरे झाल्याशिवाय गोवराची लस देत नाहीत, असं ती म्हणाली. कमाल तसाच मास्तरांच्या पडवीत आला.

"मास्तर, पोर सहा महिन्यांची हाय. आणखी तीन महिने मी काय तिला पेटीत ठेवू?"

"कोण, राही म्हणाली का?" मास्तर हसले. "अहो, माझी विद्यार्थिनी ती. नियमाच्या पुस्तकात जे छापलंय ते वाचून दाखवते. रोग दारात आलाय आणि ही महिने मोजत बसलीये. बुधवारी मी येतो तुमच्याबरोबर."

बुधवारी उपकेंद्रात लसीकरण असे. ओटीवर दहा-बारा बायका पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. टेबलापाशी राही मयेकर, पुढ्यात बर्फाच्या पिशव्या भरलेला लसीचा डबा. मास्तर आत आले तशी ती उठून उभी राहिली. पंधरा वर्षांची नोकरी झाली होती तिची, पण मास्तर दिसले की ती अजून उभी राहायची.

"सर, मी कमालचाचांना सांगितलंय. अजून वेळ आहे."

"का वेळ आहे? कारण सांग."

राही गोंधळली. "ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं सर. आईचं काहीतरी असतं... आईकडून बाळाच्या अंगात आलेलं असतं, ते असेपर्यंत..."

"काहीतरी म्हणजे काय? पेपरातसुद्धा तू असंच लिहायचीस. अर्धं उत्तर, आणि पुढे काहीतरी."

ओटीवरच्या बायका हसल्या. राहीही हसल्यासारखी झाली, पण तिचे कान लाल झाले. मास्तरांना ते दिसलं. त्या क्षणी त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

"जुनं कार्ड कुठाय?" तिनं झुबेदाला विचारलं.

"माहेरी राहिलं. पयल्या सुया तिथंच मारलेल्या."

"मग नवं करावं लागेल. जन्मतारीख?"

झुबेदानं तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तरांनी टेबलावरचं कोरं कार्ड आपल्याकडे ओढलं, खिशाचं पेन काढलं आणि आपल्या घोटीव अक्षरात लिहिलं: मनाल अरशद होडेकर. जन्मतारीख २० ऑगस्ट २००१.

"कमालभाईंचा हिशेब चुकला होता," ते म्हणाले. "पुरुषांना कुठे महिने मोजता येतात? मी शेजारी आहे, मला माहीत आहे. नऊ पुरे झालेत."

"पण मास्तर..." झुबेदा म्हणाली.

"मास्तर बोलतात ना," कमालनं तिला हळूच गप्प केलं.

राहीनं मनालला मांडीवर घेतलं. पोर अंगानं भरलेली होती, पण बसती केली की एका अंगाला कलंडत होती. राहीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. मग लस भरली, दंडात टोचली आणि कार्डावर खूण केली. परत निघताना कमाल वाटभर मास्तरांचे आभार मानत होता. झुबेदा मागून गप्प येत होती. मास्तर तिला म्हणाले, "अगं, तारीख काय, कागदापुरती असते."

ऑगस्ट सरता सरता एके सकाळी झुबेदा गडग्यापाशी आली. मास्तर जास्वंदीला पाणी घालत होते.

"मास्तर, हिचे आता नऊ खरे पुरे झाले. सुई परत घ्यायची काय? नाय, सिस्टर पुढल्या बुधवारी हाय म्हणून."

"परत कशाला? एकदा घेतली की जन्माची निश्चिंती. दोनदा टोचून उगाच पोरीला ताप."

"माझी आई म्हणते, मला ल्हानपणी इतका गोवर निघाला, सगळ्यांनी आशा सोडलेली. म्हणून मला धाकधूक वाटते."

"तुझ्या वेळी गावागावात लस नव्हती झुबेदा. हिला मिळालीये. जा, आरामात राहा."

ती गेली. मास्तर पाणी घालत राहिले.

गोवर आला तो पुढल्या फेब्रुवारीत. मनाल पंधरा महिन्यांची झाली होती, भिंतीला धरून चालत होती. आधी ताप, खोकला, डोळे लाल. चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उठलं आणि बघता बघता अंगभर झालं. कमाल म्हणाला, "गोवर कसा असेल? सुई घेतलीय." मास्तरही म्हणाले, "उष्णतेचं असेल." दोन दिवसांत पोरीच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जायला लागल्या, तेव्हा रिक्षा करून तिला रत्नागिरीला नेलं. गोवरच होता, आणि तो छातीत उतरला होता. अकरा दिवस ती तिथं होती. मास्तरांची बायको कमला एक दिवसाआड पेजेचा डबा घेऊन जायची. मास्तर दोनदा गेले. नाकात नळी घातलेली ती पोर पाहून त्यांनी झुबेदाला धीर दिला. "लस घेतली होती म्हणून निभावलं, नाहीतर कठीण होतं," असं ते म्हणाले. हे वाक्य त्यांना नंतर फार छळणार होतं.

मनाल वाचली. दोन्ही कान मात्र वाहायला लागले होते, ते घरी आल्यावरही आठवडाभर वाहिले. मग थांबले. झुबेदाला वाटलं, बरं झालं. एका दुपारी तिच्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं. शेजारची कोंबडी उडाली, कमाल आतून धावत आला, आणि मनाल पाठमोरी बसून चमच्याशी खेळत राहिली. झुबेदानं दुसऱ्यांदा ताट मुद्दाम टाकलं. मग तिसऱ्यांदा. कमालनं येऊन तिच्या हातातून ताट काढून घेतलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डावा कान गेला, उजव्यात थोडंफार आहे.

मोहल्ल्यात बोलणं सुरू झालं. सुई घेऊनही गोवर आला, म्हणजे सुईत पाणी होतं. सिस्टरच्या फ्रीजची वीज जाते, ती औषध उन्हात ठेवते, चांगलं औषध बाहेर विकते. कोण काय बोलेल त्याला धरबंध राहिला नाही. सगळ्यांत मोठ्यानं कमाल बोलला. मशिदीबाहेर, दुकानावर, होडीवर. त्याची नात बहिरी झाली होती, त्याला कोण गप्प करणार? मास्तरांनाही तो हेच म्हणाला आणि मास्तर म्हणाले, "चौकशी व्हायला पाहिजे."

चौकशी झाली. तालुक्याहून डॉक्टर कानविंदे नावाच्या एक चाळिशीच्या बाई जीपमधून आल्या. त्यांनी फ्रीज पाहिला, तापमानाची वही पाहिली, लसीचा साठा पाहिला. गावातले जाणते म्हणून सरपंचांनी मास्तरांनाही बोलावून घेतलं होतं. राही भिंतीला टेकून उभी होती.

"मला एक गोष्ट जुळत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याच बुधवारी त्याच बाटलीतून आणखी चार मुलांना लस दिलीये. साथ मोहल्ल्यात येऊन गेली, तरी त्या चौघांना काही झालं नाही. बाटली खराब असती तर एकटी मनाल कशी आजारी पडली?"

"मुलाच्या प्रकृतीवर असेल," सरपंच म्हणाले.

"असतं. शंभरात दहा-पंधरा मुलांना लस लागू पडत नाही. पण मूल नऊ महिन्यांच्या आतलं असेल तर कितीतरी जास्त मुलांना लागू पडत नाही. आईला लहानपणी गोवर होऊन गेलेला असला, की त्याची प्रतिपिंडं तिच्या रक्तात जन्मभर असतात. ती वारेतून बाळाला मिळतात. आईनं दिलेला पहाराच तो. सहा-सात महिने बाळाला गोवर होऊ देत नाहीत ती. पण तेव्हा लस टोचलीत, तर ती लसीलाही शत्रूच समजतात आणि मारून टाकतात. पुढे ती आपोआप विरून जातात, आणि मूल उघडं पडतं. इकडे आईचं संरक्षण गेलं, तिकडे लसीचं आलंच नाही."

मास्तर खुर्चीत हलले नाहीत. प्रतिपिंडं आईकडून वारेतून बाळाला मिळतात, हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्याखाली रेघ मारायची, कारण ते हमखास विचारलं जायचं. लसीनं शरीर स्वतःची प्रतिपिंडं तयार करतं, हे त्याच पानावर चार ओळी खाली होतं. दोन वाक्यं एकमेकांच्या इतकी जवळ होती आणि त्यांनी कधी ती जोडून पाहिली नव्हती. राहीनं मात्र त्या बुधवारी, अडखळत का होईना, तेच सांगायला तोंड उघडलं होतं.

"म्हणजे साथीत लहान मुलांना द्यायचीच नाही?" सरपंचांनी विचारलं.

"देता येते. सहा महिन्यांवरही देता येते. मला विचारलं असतं तर मीच परवानगी दिली असती. फक्त तो डोस हिशेबात धरायचा नाही. नऊ महिने झाले की पुन्हा द्यायचा. बाहेरच्या देशांत वर्षानंतर देतात, आपल्याकडे गोवर मुलांना लवकर गाठतो, म्हणून नऊ महिने हा मधला टप्पा धरलाय. पण या मुलीच्या कार्डावर तर नऊ महिने पुरे आहेत. ऑगस्टचा जन्म." त्यांनी कार्डाची प्रत पाहिली. "तारीख बरोबर आहे ना, सिस्टर?"

राहीनं मास्तरांकडे पाहिलं नाही. "कार्डावर आहे ती," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी खोलीत सगळ्यांकडे पाहिलं. एक 'नाही' म्हणायला लागणारा वेळ त्या खोलीत होता. तो जाईपर्यंत मास्तर टेबलाच्या पायाकडे बघत बसले. मग बाईंनी वही मिटली. बाकी काही सापडत नसल्यानं लसीच्या हाताळणीबद्दल सिस्टरना नोटीस द्यावी लागेल, असं त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

घरी येऊन मास्तर जेवले नाहीत. कमलानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, आपण कार्ड कसं ओढून घेतलं तेही. कमला कोकमं वेचत होती. तिचे हात थांबले.

"ती नोव्हेंबरची," ती म्हणाली. "आपण खजूर खाल्ले होते."

"हो."

"मग आता?"

"आता काय? जे झालं ते परत येणार नाही. राहीची फार तर बदली होईल, एवढंच."

"एवढंच?" कमला म्हणाली. ती उठली आणि कोकमांची सुपली घेऊन आत गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी रोजच्यासारखीच वागली, चहा दिला, पाणी तापवलं. पण समोर बसून बोलायची तिची सवय होती, ती बंद झाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना अपमान वाटेल असं काही म्हटलं नव्हतं, आताही म्हटलं नाही.

दोन आठवडे मास्तर गप्प राहिले. गप्प राहायला त्यांनी कारणं शोधली. आता सांगून मनालचा कान परत येणार नाही. कमालला उगाच जास्त दुःख होईल. राही सरकारी नोकर आहे, तिला संघटना आहे. कारणं एकेक करून खरी होती, पण रोज सकाळी उठल्यावर ती त्यांना नव्यानं जमवावी लागायची. गडग्याच्या बाजूला ते जाईनासे झाले. जास्वंद सुकायला लागली, ते कमलाच्या लक्षात आलं, आणि ती पाणी घालू लागली. पडवीत कुणी अर्ज लिहायला आलं की मास्तर 'आज डोळे दुखतात' म्हणून सांगत.

पुढच्या बुधवारी लसीकरणाला एकोणीस पोरं यायला हवी होती. चार आली. मोहल्ल्यातून एकही नाही.

त्याच दिवशी दुपारी राही पडवीत आली. हातात एक फाइल होती.

"सर, मला नोटिशीचं उत्तर द्यायचंय. मला नीट लिहिता येत नाही. तुम्ही लिहून द्याल?"

मास्तरांनी कागद घेतला. पेनचं टोपण काढलं. तिनं फायलीतले कागद एकेक करून टेबलावर मांडले. तापमानाची वही, साठ्याची नोंद, बाटलीचा नंबर, शेवटी मनालच्या कार्डाची प्रत. मास्तरांनी लिहायला सुरुवात केली. 'महोदय, मी खाली सही करणारी राही मयेकर, काळवली उपकेंद्रात...' आणि थांबले. समोरच्या प्रतीवरचं अक्षर आणि हातातल्या कागदावरचं अक्षर एकच होतं. 'होडेकर'मधल्या 'क'ला ते जी वेलांटीसारखी ओढ द्यायचे, ती 'मयेकर'मध्येही तशीच.

"राही," ते म्हणाले, "तू त्या डॉक्टरबाईंना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू सर? कार्डावर तुमचं अक्षर आहे, एवढंच मला पक्कं माहीत. बाकी माझा संशय. दामले सरांनी खोटी तारीख लिहिली, असं मी कुठल्या तोंडानं लिहू?" तिचा आवाज चढला नव्हता. "आणि मला कळलं होतं त्या दिवशी. मूल हाताला लागलं की वय कळतं. मी नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही समोर होतात."

मास्तरांनी लिहिलेला कागद बाजूला सारला. दुसरा घेतला. 'मी, हरिहर विष्णू दामले, निवृत्त शिक्षक, असे लिहून देतो की...' लिहिताना त्यांचं अक्षर त्यांनाच ओळखू येईना. सही करून त्यांनी तो कागद राहीला वाचायला दिला. तिनं वाचला, घडी घातली आणि परत त्यांच्याच हातात ठेवला.

"हा तुम्हीच नेऊन द्या, सर."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं तालुक्याला गेले. डॉक्टर कानविंद्यांनी कागद दोनदा वाचला.

"तुम्ही त्या दिवशी खोलीत होता."

"होतो."

"शाळेत काय शिकवत होता तुम्ही?"

"विज्ञान," मास्तर म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं, आणि मग नजर खाली वळवली, जशी आपण एखाद्याचं धोतर सुटलं तर वळवतो. त्या काही वाईटसाईट बोलल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. वय न पडताळल्याबद्दल राहीला समज मिळेल, पण नोटीस मागे घेऊ, असं त्यांनी सांगितलं.

कमालकडे जाताना मास्तर गडग्यावरून गेले नाहीत. वळसा घालून रस्त्यानं, समोरच्या दारानं गेले. कमाल खाटेवर बसला होता. मनाल जमिनीवर वाट्या उलट्या घालून खेळत होती. झुबेदा दारात उभी राहिली. मास्तरांनी उभ्यानंच सांगितलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. आईचं संरक्षण, लस, नऊ महिने, सगळं सांगितलं. शिकवायला उभे राहिल्यासारखा आपला आवाज येतोय हे त्यांना कळत होतं, पण दुसरा आवाज त्यांच्याकडे नव्हता.

झुबेदानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्यातून जे तिला गेलं, त्यानंच सुईतलं औषध मारलं?"

"तुझ्यातून गेलं ते चांगलंच होतं. त्यानंच तिला सहा-सात महिने सांभाळलं. त्याचा दोष नाही. मी खोटी तारीख घातली नसती, तर राहीनं नऊ महिने भरल्यावर लस दिली असती."

"मी विचारायला आली होती तुम्हाला. गडग्यापाशी."

"हो."

"तुम्ही झाडाला पाणी घालत होता."

"हो," मास्तर म्हणाले.

"दोन महिने मी झोपली नाय, मास्तर. मला वाटायचं, माझ्या दुधात काय खोट असेल. तिकडून अरशद फोनवर विचारायचा, काय खाल्लंस, काय दिलंस तिला. मी त्याला काय सांगू?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मास्तरांना ते असतं तर सोपं गेलं असतं.

 आता कमाल म्हणाला, "त्या पोरीला मी नाय नाय ते बोललो. दुकानावर, मशिदीपाशी. चोर म्हटलं. तुम्ही ऐकत होता ना? चौकशी व्हायला पाहिजे म्हणालात. माझ्या तोंडून बोलवलंत तुम्ही, मास्तर."

मास्तरांनी हात जोडले. कमालनं ते पाहायला नको म्हणून मान वळवली.

मास्तर निघाले, तशी झुबेदा म्हणाली, "थांबा. आम्हाला सांगून काय उपयोग? मोहल्ल्यातल्या बायका पोरं न्यायच्या बंद झाल्यात. उद्या दुपारी मी सगळ्यांना आमच्या अंगणात बोलावते. त्यांना सांगा."

घरातल्या घरात हे मिटेल, अशी एक आशा मास्तरांच्या मनात होती. ती होती हे त्यांना झुबेदा बोलल्यावरच कळलं, आणि त्याचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अंगणात पंचवीस-तीस बायका होत्या. राहीलाही झुबेदानं निरोप धाडला होता, ती पायरीशी उभी होती. कमला वरच्या घरून आली आणि बायकांच्यात खाली बसली. मास्तरांनी सुरुवात लांबून केली, रोग म्हणजे काय इथून. एक म्हातारी मधेच म्हणाली, "मास्तर, सरळ सांगा की. सुई वाईट होती काय नव्हती?"

"नव्हती," मास्तर म्हणाले. "सुई चांगली होती. सिस्टरनं काही चुकीचं केलं नाही. मी पोरीचं वय खोटं लिहिलं. तीन महिने वाढवून लिहिलं. सिस्टर नको म्हणत होती, मी तिला सगळ्यांसमोर हसलो. नंतर झुबेदा विचारायला आली, तिलाही नको म्हटलं. आणि डॉक्टरबाईंनी तोंडावर विचारलं तेव्हा गप्प बसलो. मनालचा कान माझ्यामुळे गेला."

 मग बायका आपापसात कुजबुजू लागल्या. एकीनं राहीला विचारलं, "मग माझ्या पोराला नऊ झालेत, बुधवारी आणू?" राही म्हणाली, "आणा." दुसरीनं विचारलं, जन्माचा दाखला आणावा लागेल काय. राही तिला समजावू लागली, आणि सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या. मास्तर अंगणाच्या मधोमध एकटे उभे राहिले. त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. थोड्या वेळानं कमला उठली आणि त्यांना घेऊन घरी आली.

लोक पडवीत यायचे हळूहळू कमी झाले. कुणी अपमान केला नाही, कुणी टोमणा मारला नाही. अर्ज लिहायला शाळेतल्या नव्या शिक्षिकेकडे जाऊ लागले, एवढंच. कमाल वाटेत भेटला तर मान हलवायचा. वर्षभरानं मनालला श्रवणयंत्र बसवलं. त्यासाठी मास्तर पैसे घेऊन गेले होते. झुबेदानं ते घेतले नाहीत. "अरशदनं पाठवलेत," ती म्हणाली, आणि चहा विचारला. मास्तरांनी चहा घेतला. 

२००५च्या जानेवारीत झुबेदाला मुलगा झाला, फैझान. ऑक्टोबरात, पाऊस संपून गवत पिवळं पडायला लागलं होतं, एका बुधवारी सकाळी झुबेदा त्याला कडेवर घेऊन उपकेंद्राकडे निघाली. मनाल तिचा पदर धरून होती. मास्तर पडवीत होते. तिनं वर पाहिलं नाही. कमलाला तिनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कमला चपला घालून तयारच होती, ती खाली उतरून त्यांच्याबरोबर चालू लागली. मनालनं कमलाचा हात धरला.

मास्तरांना कुणी या म्हटलं नाही. नको असंही म्हटलं नाही. ते पडवीच्या खांबाला धरून उभे राहिले. ऊन अंगणातून पायरीवर आलं, पायरीवरून पडवीत आलं. दीड तासानं कमला परत आली, पायांवर पाणी घेऊन आत निघाली.

"झालं?" मास्तरांनी विचारलं.

"झालं," कमला म्हणाली. "राहीनं आधी दाखला मागितला. वाचला. मगच टोचलं."

मास्तरांनी मान हलवली आणि ते तिच्यामागून घरात गेले.